ठाण्यात ‘नोंद कुठे आहे?’ विचारलं की आवाज का चढतो?

उसाचा_मळा (शनिवार, रात्री ११:४०)

एरवी वाचनमात्र असतो. आज लिहितोय कारण डोकं शांत होत नाहीये. गाव, ठाणं, नावं मुद्दाम टाळतोय. पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं ठिकाण समजा.

मावसभाऊ बावीस वर्षांचा आहे, घरोघरी पार्सल पोचवायचं काम करतो. गेल्या आठवड्यात संध्याकाळी बाजारपेठेच्या तोंडाशी नाकाबंदी होती. लायसन होतं, हेल्मेट नव्हतं. दंड भरायला हा तयारच होता. पण हवालदारांनी आधी गाडीची चावी काढली आणि ‘बाजूला थांब’ म्हणाले. अर्धा तास गेला, चलनही नाही आणि चावीही नाही. पार्सलं उशिरा गेली की ह्याचे पैसे कापले जातात. शेवटी ह्याने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं आणि तिथून सगळं बिनसलं. मोबाइल हिसकावला, दोन कानाखाली बसल्या, जीपमध्ये घालून ठाण्यात नेलं.

मी मावशीला घेऊन पोचलो तेव्हा भाऊ बाकड्यावर बसलेला. कोठडीत नाही, पण पट्टा आणि बूट काढून घेतलेले. ठाणे अंमलदार तसे बरे वाटले, मावशीला खुर्ची दिली, पाणी विचारलं. मी शक्य तितक्या अदबीने म्हटलं, “साहेब, ह्याला कशात आणलंय? अटक आहे का? स्टेशन डायरीला नोंद कुठे आहे?” बस्स. माणूस बदललाच. “वकील आहेस का तू? कायदा शिकवतोस? तुझी पण नोंद घेऊ का?”

मध्यरात्र उलटल्यावर मोठे साहेब राउंडवरून आले. ‘पोरगं आहे, समजावा’ म्हणाले. ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, मोबाइल व चावी परत मिळाली’ असं लिहून घेऊन सोडलं. व्हिडिओ अर्थात उडवलेला. निघताना मावशीने सगळ्यांना हात जोडून ‘उपकार झाले’ म्हटलं. कानाखाली बसल्याचं भावाला वाईट वाटलं असेल, मला हे जास्त लागलं.

मी ना शिवी दिली होती, ना कोणाच्या ओळखीची धमकी. फक्त नोंद विचारली. त्यात एवढं भडकण्यासारखं काय होतं? आणि आता काही करता येईल का? घरचे म्हणतात सोडून दे.

बांधावरचा (रात्री ११:५८)

घरचे बरोबर सांगतायत. गावात राहायचंय ना? मग सोडा.

मिरचीचा_ठेचा (रविवार, सकाळी ७:१५)

हेल्मेट घातलं असतं तर धागाच निघाला नसता. आधी आपण नियम पाळायचे नाहीत, मग पोलिसांच्या नावाने गळे काढायचे. बाकी चालू द्या.

काळाकोट (सकाळी ९:०२)

ठेचा, हेल्मेट नसल्याचा दंड ठरलेला आहे आणि कानाखाली हा त्याचा भाग नाही. मुलगा दंड भरायला तयार होता, म्हणजे त्याच्या बाजूने विषय तिथेच संपला होता.

मळा, वकिली करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. चावी काढून घेण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही. कागद मागता येतात, चलन करता येतं, ठरावीक कारणांसाठी कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते, पण त्याची पावती द्यावी लागते. नाकाबंदीवर चावी काढतात ती सोय म्हणून, पोरगं पळून जाऊ नये म्हणून. ही सोय इतकी रुळली आहे की शिपायालाही तो आपला अधिकार वाटतो.

मोबाइल पुरावा म्हणून घ्यायचा असेल तर तो रीतसर जप्त करावा लागतो. आणि गंमत बघा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०५ आहे. त्याप्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण पोलिसांनी स्वतःच करायचं आहे, जमल्यास मोबाइलवर. म्हणजे चित्रीकरण केलं म्हणून ज्याचा मोबाइल हिसकावला, तो हिसकावतानाचं चित्रीकरण कायद्याने हिसकावणाऱ्यानेच करायला हवं होतं.

ठाण्यात शूटिंग केलं म्हणून शासकीय गुपिते कायदा लावायची एक टूम होती. नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं की पोलीस ठाणं हे त्या १९२३ च्या कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही. रस्ता तर नाहीच नाही.

आता ‘बसवून ठेवणं’. अटक झाली असेल तर डी. के. बसू खटल्याच्या १९९६ च्या निकालापासून पद्धत ठरलेली आहे आणि आता ती संहितेतच आहे. अटक करणाऱ्याच्या अंगावर स्पष्ट दिसेल असं नाव, अटकेचा मेमो, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाइकांना खबर, चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे. अटक नसेल तर माणूस उठून घरी जायला मोकळा हवा. पट्टा-बूट काढून बाकड्यावर बसवलेला माणूस मोकळा नसतो.

एक गोष्ट पोलिसांच्या बाजूची. नव्या संहितेचं कलम १७२ म्हणतं की पोलिसांचे कायदेशीर आदेश धुडकावणाऱ्याला ताब्यात घेता येतं आणि किरकोळ प्रकरणात चोवीस तासांच्या आत सोडून देता येतं. उद्या ह्या प्रकरणात ते हेच कलम पुढे करतील. पण मग तशी नोंद तरी दाखवावी लागेल.

शेवगा (सकाळी ९:२०)

काळाकोट, माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली.

मिरचीचा_ठेचा (सकाळी ९:४१)

कलमं वाचायला छान वाटतात. त्या हवालदाराला १७२ माहीत असेल असं वाटतं का?

काळाकोट (सकाळी ९:४४)

१७२ माहीत असो नसो, ‘शासकीय कामात अडथळा’ पाठ असतं. जुन्या दंड संहितेचं ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२. आपल्या राज्याने मध्यंतरी दुरुस्ती करून ३५३ ची शिक्षा पाच वर्षांवर नेली होती, १३२ मध्ये ती पुन्हा दोन वर्षं झाली. ‘तुझी पण नोंद घेऊ का’ ह्या वाक्याचा रोख तिकडेच असतो.

जुना_फौजदार (दुपारी १:३०)

३४ वर्षं खात्यात काढून पी.एस.आय. म्हणून निवृत्त झालो. शिपाई म्हणून लागलो होतो. आवाज का चढतो असं विचारलंय, त्याचं माझ्या परीने उत्तर देतो. कोणाला झोंबलं तर झोंबो.

नोंद पडली की घड्याळ सुरू. किती वाजता आणला, कोणी आणला, का आणला. मग अटक दाखवा नाहीतर सोडल्याची वेळ लिहा. अटक दाखवली की मेडिकल, मेमो, नातेवाइकांची सही, रिमांड. प्रत्येक कागदावर सही अंमलदाराची. पाच वर्षांनी कोर्टात वकील तोच कागद नाचवतो आणि विचारतो, सव्वासात ते नऊ आरोपी कुठे होता? साहेब तोवर बदली होऊन तिसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात, पिंजऱ्यात अंमलदार.

नोंद नसली की सगळंच मोकळं. बिननोंदीचा माणूस हाणताही येतो आणि सोडताही येतो. साहेबांचा फोन आला सोडलं, आमदारांच्या माणसाचा आला सोडलं, कोणाचाच नाही आला तर बसवलं. तुम्ही नोंद विचारली म्हणजे हे सगळं बंद करा म्हणालात. मग आवाज चढणार नाही तर काय!

आता दुसरी बाजू ऐका. माझ्या नोकरीत ‘साहेब, नोंद करा’ म्हणणारी माणसं हातावर मोजण्याइतकी भेटली. ‘साहेब, केस नको, दोन फटके द्या पण सोडा’ म्हणणारे रोज. बाप स्वतः पोराला पुढे ढकलून सांगायचा, तुमच्या पद्धतीने समज द्या पण रेकॉर्डला नाव नको, पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय. हे शंभर वेळा ऐकल्यावर पोलिसाला वाटायला लागतं की फटके देणं ही आपली मेहेरबानीच आहे. मळा, तुमच्या मावशीने हात जोडले ते त्यातूनच. तिला राग नाही आला असं नाही. नोंद न होता पोरगं सुटलं, हे तिच्या दृष्टीने खरंच उपकार होते.

उसाचा_मळा (दुपारी २:०५)

फौजदार काका, हे वाचून जरा गप्पच झालो. मावशी गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य हेच बोलली, “नाव कुठे लिहिलं नाही ना रे?”

झेंडूची_फुलं (दुपारी २:३०)

माझ्या भावाचं असंच झालं होतं. पासपोर्टच्या वेळी पडताळणीत अडकायला नको म्हणून आम्हीही तोंड दाबून बसलो.

काळाकोट (दुपारी २:५०)

हा गैरसमज फार महागात पडतो. स्टेशन डायरीतली नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. चारित्र्य पडताळणीत गुन्हे आणि खटले बघतात, डायरीत कोण किती वाजता आला ते बघत नाहीत. पण भीतीपुढे कलम चालत नाही, तेही खरं.

वेशीबाहेर (संध्याकाळी ६:१०)

मी पारधी वस्त्यांवर काम करते. इथली चर्चा वाचून थोडं हसू आलं, थोडा रागही. नोंद झाली की माणूस वाचतो असं सगळे गृहीत धरताय. आमच्या वस्तीवर उलटं आहे. तिथे मार पडतो तो नोंद आहे म्हणूनच.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन साजरा होतो. सोलापूरला तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये माणसं हजेरी देऊन राहत होती. कायदा गेला, सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी आले आणि यादी नव्या नावाने चालू राहिली. तालुक्यात घरफोडी झाली की पहाटे गाड्या येतात त्या वस्तीवरच. पुरुष आधीच रानात पळालेले असतात. पळाले म्हणजे गुन्हेगार असणारच, हा पुढचा तर्क. मग बायकांना बसवून ठेवायचं, पुरुष हजर होईपर्यंत. ह्याची नोंद कुठल्या डायरीत सापडते ते दाखवा.

एकदा एका बाईने मला तिचं गाठोडं उघडून दाखवलं. शिधापत्रिका नाही, जातीचा दाखला नाही, पोराचा जन्मदाखला नाही. होत्या त्या फक्त नवऱ्याच्या जामिनाच्या कागदाच्या प्रती, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून. सरकारने त्या घराला दिलेले कागद तेवढेच.

तुमच्या भावाला दोन कानाखाली बसल्या आणि रात्री सोडलं, कारण त्याला सोडवायला खुर्ची देण्याजोगी मावशी आणि ‘नोंद’ हा शब्द माहीत असलेला भाऊ आला. दुःख कमी लेखत नाही. पण कोणावर हात किती पडणार हे हात उचलायच्या आधीच ठरलेलं असतं.

शेवगा (संध्याकाळी ६:२५)

वेशीबाहेर, ह्यावर स्वतंत्र धागा काढाच.

वाघनखं (संध्याकाळी ७:००)

आली मानवाधिकारवाली मंडळी. पोलिसांचे हात बांधा आणि मग बलात्काऱ्यांना बिर्याणी खाऊ घाला. हैदराबादला २०१९ मध्ये चौघांना उडवलं तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. बदलापूरच्या वेळी आपल्याकडेही पेढे वाटले. जनतेला काय हवंय ते बघा.

काळाकोट (संध्याकाळी ७:२२)

फुलं उधळली, खरं आहे. पुढचंही वाचा. सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला, अध्यक्ष आपले नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. २०२२ मध्ये अहवाल आला. पोलिसांची गोष्ट विश्वास ठेवण्याजोगी नाही, गोळ्या जीव घेण्याच्या हेतूनेच झाडल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असं त्यात आहे. त्या चौघांचा गुन्हा कोर्टात सिद्ध झालाच नाही. होऊच दिला नाही.

वाघनखं (संध्याकाळी ७:३०)

तुमच्या घरातल्या कोणावर वेळ आली की बोलू.

संपादक मंडळ (संध्याकाळी ७:४५)

वैयक्तिक रोखाचे दोन प्रतिसाद काढले आहेत. ठाण्याचं नाव ओळखता येईल असा एका सदस्याचा प्रतिसादही संपादित केला आहे. धाग्याचा आखाडा करू नये ही विनंती.

लाईनीतली_पोर (रात्री ९:१५)

खूप वेळ लिहू की नको करत होते. माझे बाबा हवालदार. पोलीस लाईनीत वाढले, दोन खोल्या, पावसाळ्यात भिंतीला ओल. इथे सगळे ‘पोलीस’ म्हणताय तेव्हा माझ्या डोळ्यापुढे बाबांचे पाय येतात. गणपतीत अनंत चतुर्दशीला सकाळी गेलेले दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे. बूट काढले की मोजे कातड्याला चिकटलेले असायचे, आई कोमट पाण्यात भिजवून हळूहळू सोडवायची. दिवाळी आम्ही कधी दिवाळीला केली नाही.

बारा तासांची ड्युटी हा कागदावरचा आकडा. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका शिपायाने स्वतः अभ्यास करून वरिष्ठांपुढे मांडला म्हणून. ते ऐकून बाबा हसले होते. आमच्या ठाण्यात आठ तास करायला माणसं कुठून आणणार म्हणाले.

आणि त्याच वर्षी खारमध्ये वाहतूक हवालदाराने एका अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडवलं म्हणून त्यांच्या डोक्यात बांबू घातला. काही दिवसांनी ते गेले. तेव्हापासून बाबा नाकाबंदीवर असले की आई जेवत नसे. चावी काढणं चूक आहे, काळाकोट म्हणतात ते पटतं. पण रात्री अंगावर गाडी घालून जाणारे किती असतात ते नाकाबंदीवर उभं राहिल्यावर कळतं.

तक्रार करायची तर शिपायाने कोणाकडे करायची? १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी बंड केलं, लष्कर बोलवावं लागलं, आणि संघटना मोडली. त्यानंतर शिपायाला संघटना नाही, संप नाही, बोलायची सोय नाही. साहेब त्याच्यावर ओरडतो, तो रस्त्यावरच्यावर.

वेशीबाहेर (रात्री ९:४०)

लाईनीतली_पोर, तुमच्या बाबांच्या पायांबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तो ओरडतो कोणावर हे तो निवडतो. काळ्या काचांच्या पांढऱ्या गाडीवर ओरडलेला अजून पाहिला नाही.

लाईनीतली_पोर (रात्री ९:५२)

निवडतो हे खरंय. बाबांनी एकदा अशी गाडी अडवली होती. आठ दिवसांत मुख्यालयात जमा झाले. पुढे कोणाला अडवायचं हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

जुना_फौजदार (रात्री १०:३०)

पोरी, बरोबर लिहिलंस. एकच सांगतो, थकवा आणि मार ह्यांचा संबंध लोक समजतात तेवढा सरळ नाही. थकलेला पोलीस खेकसतो, चुकून एखादी देतो. तो प्रकार वेगळा. ठाण्याच्या मागच्या खोलीत जे चालतं ते थकव्यातून होत नाही. ते डिटेक्शनसाठी होतं. क्राइम मीटिंगला साहेब विचारतात, एवढे गुन्हे दाखल, उघड किती? तपासाला धड वेळ नाही, ठशांचा अहवाल यायला महिने जातात. मग डी.बी.चं, म्हणजे ठाण्यातलं गुन्हे उघड करणारं, पथक चार पोरं उचलतं. मुद्देमाल निघाला की शाबासकी. तो कसा निघाला हे मीटिंगमध्ये कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

ह्याच हिशेबापायी तुमचा एफ.आय.आर. घेत नाहीत आणि एन.सी.वर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, भागवतात. दाखलच नाही केलं तर उघड न झाल्याचा डाग नाही. २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने दखलपात्र गुन्हा नोंदवणं सक्तीचं केलं. तरी मोबाइल चोरीला गेला की आजही ‘गहाळ’ लिहून देतात, विचारा कोणालाही.

झेंडूची_फुलं (रात्री १०:३८)

गहाळ! अगदी अगदी. माझी पर्स बसमध्ये ब्लेडने कापली होती. कापलेली पर्स टेबलावर ठेवली तरी म्हणे, गहाळ लिहा, लवकर काम होईल.

थेम्सकाठ (सोमवार, पहाटे २:१०)

इथे इंग्लंडमध्ये पोलिसांनी रस्त्यात थांबवून झडती घेतली तर त्याची लेखी नोंद मागता येते. १९८४ च्या कायद्यातच तसं आहे. कोणी, का, कशासाठी झडती घेतली ते सगळं त्यात येतं. मला एकदा थांबवलं होतं, कागद मिळाला. इथे सगळं आलबेल आहे असं नव्हे. कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा थांबवतात. पण ‘किती जास्त’ हे सरकारच दरवर्षी आकड्यांत छापतं, कारण कागद असतो. वेशीबाहेर म्हणतात ते पहाटेच्या गाड्यांचं आपल्याकडे कोणी मोजूच शकत नाही.

बांधावरचा (सकाळी ८:००)

आले परदेशातून. इथे मोजायला बसलो तर वही पुरायची नाही.

गोदातीर (सकाळी १०:२०)

मी परभणीची. अजून कोणी विषय काढला नाही म्हणून लिहिते. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद झाला, दगडफेक झाली, मग पोलीस वस्त्यांमध्ये घुसले. ताब्यात घेतलेल्यांमध्ये कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण होता. न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. आधी हृदयविकाराची भाषा झाली. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं निघालं. आईने कोर्टाची पायरी चढली. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही आदेश कायम राहिला. मुलगा गेला डिसेंबरात, आणि नुसता गुन्हा नोंदवायचा आदेश मिळायला पुढचा पावसाळा उजाडला. इथे तुम्ही डायरीतल्या एका ओळीसाठी भांडताय, तिथे मेलेल्या माणसाच्या एफ.आय.आर.साठी दिल्लीपर्यंत जावं लागलं.

शेवगा (सकाळी १०:३५)

आणि नोंद खोटीही असते हे विसरू नका. सांगली, नोव्हेंबर २०१७. चोरीच्या संशयावरून पकडलेला तरुण मारहाणीत मेला. पोलिसांनी प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं आणि आरोपी पळून गेले असं दाखवलं. म्हणजे कागदोपत्री तो फरार होता.

काळाकोट (सकाळी ११:१०)

म्हणूनच कॅमेरे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, अंमलदाराची खोली, सगळीकडे आवाजासह सीसीटीव्ही लावायला सांगितलं. चित्रीकरण अठरा महिने जपायचं, ते अगदीच शक्य नसेल तर निदान वर्षभर. प्रत्यक्षात मागितलं की ‘तांत्रिक बिघाड’. पण बिघाड आहे हे लेखी द्यावं लागतं, आणि तारखेसह आलेलं ते लेखी उत्तर कोर्टात बरंच कामाला येतं. तेव्हा मळा, सगळ्यात आधी ते चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी करा. बाकीचं महिनाभराने केलं तरी चालेल.

उसाचा_मळा (रात्री ८:३०)

सगळ्यांचे आभार. भावाशी बोललो. तो म्हणतो तक्रार करू, पण कोणाची नोकरी घालवायची नाही, मला फक्त ‘तू चुकलास’ असं त्यांच्याकडून ऐकायचंय. मावशी अजून तयार नाही. तिचं म्हणणं, उद्या रस्त्यात धरलं तर कोण येणार आहे तुमच्या धाग्यावरचं?

आणि ते ‘तक्रार नाही’ लिहून दिलेलं, ते आड येईल का?

काळाकोट (रात्री ९:००)

मध्यरात्री ठाण्यात बसून दिलेल्या ‘तक्रार नाही’ला कोर्ट काय किंमत देतं हे पोलिसांनाही माहीत असतं. उलट तोच कागद तुमच्या बाजूचा आहे. त्यावर तारीख आणि वेळ असेल, मोबाइल आणि चावी ‘परत मिळाली’ असं आहे. म्हणजे घेतली होती, आणि त्या वेळी मुलगा ठाण्यात होता. नोंद नाही म्हणत होते ना, ती त्यांनी तुमच्याच हाताने लिहून घेतली. माहिती अधिकारात त्याची प्रत मागा.

तक्रार पोलीस अधीक्षकांकडे करा. तिथे काही झालं नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आपल्याकडे २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन आलं. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. प्रतिज्ञापत्रासह तक्रार करायची. फार दात असलेली संस्था नाही, पण खात्याबाहेरची आहे.

जुना_फौजदार (रात्री ९:२५)

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. अर्ज दिला की महिना-दोन महिने ठाण्यातली पोरं नजर ठेवून असतात, खोटं कशाला सांगू. हेल्मेट, लायसन, पी.यू.सी., इन्शुरन्स, सगळं चोख ठेवायला सांगा त्याला. मात्र अर्जात गावचं राजकारण आणू नका, ‘अत्याचार’, ‘हुकूमशाही’ असले शब्द नकोत. वेळा लिहा. किती वाजता अडवलं, किती वाजता ठाण्यात, किती वाजता सोडलं. शिव्यांनी भरलेला अर्ज साहेब बाजूला ठेवतो, वेळा लिहिलेला वाचतो. खुलासा मागताना त्या वेळांचंच उत्तर ठाण्याला द्यावं लागतं.

लाईनीतली_पोर (रात्री ९:३१)

आणि खुर्ची दिली, पाणी विचारलं तेही लिहा. जे झालं ते सगळं.

वेशीबाहेर (रात्री ९:५०)

माझ्या वस्तीवरच्या एका मुलासाठी असाच अर्ज लिहायचाय. साधा मराठीत, हाताने लिहिलेला चालतो का? टाइप करायला तालुक्याला जावं लागतं.

काळाकोट (रात्री ९:५८)

चालतो. दोन प्रती करा. अधीक्षक कार्यालयाच्या आवक शाखेत एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. शिक्का देत नसतील तर वाद घालू नका, पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. मुलाला अंगठा द्यावा लागणार असेल तर साक्षीदार म्हणून तुमची सही, पूर्ण पत्त्यासह.

जुना_फौजदार (रात्री १०:०५)

आवक शाखेत दुपारच्या जेवणाच्या आधी जा. सोमवारी नको, सोमवारी साहेबांच्या मीटिंगची गडबड असते.